डावीकडून तिसरा राक्षस

पौषातल्या एका रविवारी माझा भाऊ बबन रेडिएटरसाठी पाणी आणायला कालव्यावर गेला. गाडी भवानीनगरच्या अलीकडे उभी होती. कालव्याला पाणी सोडलेले होते. बादली काठावर सापडली. बबन सोमवारी सापडला.

यंदाचा गळीत हंगाम सुरू झाल्याचे मला वासावरून कळले. मी बारामतीत एका वाचनालयात काम करतो. सकाळी वर्तमानपत्रे काठ्यांना लावत होतो, पश्चिमेची खिडकी उघडी होती आणि माळेगावच्या बाजूने मळीचा वास आत आला. गोड, आंबूस, तळाला थोडा जळका. दुपारपर्यंत तो सदऱ्यात बसला. संध्याकाळी उसाच्या गाड्या जाऊ लागल्या. मागे लोंबणारे उसाच्या शेंड्यांचे वाढे रस्त्याची धूळ झाडत जात होते आणि बैलांच्या घुंगरमाळा एका ठेक्यात वाजत होत्या. मी दारात उभा राहून चार-पाच गाड्या जाऊ दिल्या आणि आत येऊन पुस्तकांची नोंद पुढे सुरू केली.

बबन गेल्यानंतरचा हा तिसरा हंगाम. त्या दिवसांत लोक मला म्हणत, मास्तर, रडून घ्या, मोकळे व्हाल. मी मास्तर नाही, पण पुस्तकांत वावरणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. रडू आले नाही. बराच वेळ मांडी घालून बसले की पाय बधिर होतो. मुंग्या नंतर येतात. त्याआधी थोडा वेळ पाय आपला असतो, पण आपला लागत नाही. मी अजून त्या थोड्या वेळात आहे.

बबन ज्या हंगामात गेला, त्याच्या आदल्या वर्षी कुठूनशी एक सिनेमा कंपनी आमच्या भागात येऊन राहिली होती. राक्षस, परी, उडणारा घोडा असला सिनेमा. त्याचे नाव लांबलचक होते. बारामतीपासून इंदापुरापर्यंत सगळे त्याला 'राक्षसाचा पिक्चर' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. कंपनीला राक्षसांची नगरी हवी होती आणि नगरीवर सदोदित धूर हवा होता. भवानीनगरला त्यांना साखर कारखान्याचे धुराडे दिसले आणि त्यांनी मुक्काम टाकला. नगरी पुठ्ठ्याची होती, धूर खरा होता. घोडा त्यांनी कालव्याच्या भरावावरून पळवला. कॅमेरा खाली शेतात खड्डा करून ठेवला होता, त्यामुळे पडद्यावर घोड्याच्या टापांखाली नुसते आभाळ दिसे. कळंबजवळ नीरेच्या पात्रात काळा खडक आहे, तिथे पाताळाचे दार झाले. राक्षसराजाच्या रथाला दोन रेडे होते. रेडे कळंबच्या रामा आबांचे. रथ म्हणजे आबांचीच गाडी, वर सोनेरी कागद चिकटवलेली.

राक्षसांचे सैन्य चाळीस जणांचे. जवळपासच्या गावांतले दांडगे गडी धरून आणले, अंगाला काजळी आणि तेल चोपडले, डोक्याला शिंगे बांधली. त्या चाळिसांत बबन होता.

बबन तेव्हा चोवीस वर्षांचा होता, इब्राहिमचाचांच्या गाडीवर क्लीनर. गाडी चाचांच्या मालकीची नव्हती, ते चालवत. पण तिला कोणी मालकाच्या नावाने ओळखत नसे. पुढे लांब नाक असलेली जुनी प्रवासी मोटार. हँडल मारून सुरू करावी लागे. हँडब्रेक नावापुरता. गाडी पुरती थांबण्याआधीच बबन दारातून उडी मारी आणि चाकामागे दगड लावी. सीटखाली त्याचा एक दगड कायम असे, काळा, एका बाजूने चपटा. चाचा मागे न बघता विचारत, "लावला?" बबन म्हणे, "लावला." मग चाचा ब्रेकवरचा पाय काढत. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे दोन शब्द होत. घरी दाराला पाचर लावतानासुद्धा बबन ते एकटाच म्हणे.

सिनेमा वर्षाने दिवाळीत बारामतीच्या तंबूत लागला. गावोगावची माणसे गाड्या जुंपून आली. प्रत्येकाला आपले काही तरी त्यात दिसायचे होते. कुणाचा बांध, कुणाची विहीर, कुणाचा चुलता. बबनने तो अकरा वेळा पाहिला. मी एकदा गेलो. एसटी सुरू झाल्यापासून चाचांच्या गाडीला लग्नाच्या वऱ्हाडाशिवाय काम उरले नव्हते. बबनने गाडीच्या मालकाला गाठले.

"मालक, लोक इचारत्यात, राक्षसाचं दार कुठं हाय, घोडं कुठनं उडालं. आपुन दावू की. रईवारी गाडी उभीच असती."

"आन् कोन येनार?"

"ज्येनी पिक्चर बघितलाय त्ये समदे."

तसेच झाले. रविवारी सकाळी आठला गाडी बारामतीहून निघे. कालवा, भवानीनगर, कळंबचा खडक, शेवटी इंदापूरची गढी, जिथे परीला कोंडून ठेवले होते. दिवेलागणीला परत. बबन दारात एका हाताने दांडी धरून उभा राही आणि बोले.

काय बोलायचे ते आधी त्याने माझ्याकडून लिहून घेतले होते. "अण्णा, झकास लिवा. पुस्तकातल्यावानी." मी चार दिवस खपून एक वही भरली. त्यात 'प्रवासीजनहो' होते, 'उभय तीरांवरील वनश्री' होती. त्याने ओट्यावर बसून बोट ठेवत ती सगळी वाचली.

"अण्णा, ही वनश्री म्हंजे कालव्यावरल्या बाभळी का?"

"हो."

"मग बाभळीच म्हनतो. लोकांची शेरडं चरत्यात तितं. वळखत्यात त्यांस्नी."

वही त्याने जपून परत दिली. मला थोडे लागले. ते मी दाखवले नाही, पण लागलेले माणसाच्या आत राहते आणि पुढे कुठे तरी बोलते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी त्याच्या गाडीत बसलो. त्याने फार आग्रह केला होता. थंडी होती. बायकांनी भाकऱ्यांची गाठोडी मांडीवर घेतली होती आणि गाडीत ठेच्याचा वास होता. पुढच्या बाकावर कारखान्यातला एक टोपीवाला कारकून होता, मागे माळेगावचे एक ऊसवाले तात्या सहकुटुंब. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, चाचा हॉर्न देत, बैल हलत नसत. कालव्यावर गाडी थांबली, दगड लागला, सगळी खाली उतरली.

"हितनं घोडं उडालं," बबन म्हणाला.

"कुठनं कुठवर?" एका बाईने विचारले.

"ह्या मोरीपासनं त्या मोरीपातुर."

"मग खाली कसं उतरलं?"

"उतरलंच न्हाय, मावशे. तितं पिक्चर कापलाय."

"अगं बया! म्हंजे अजून वरच हाय?"

सगळ्यांनी वर पाहिले. मीही पाहिले, हे लिहायला हरकत नाही. आभाळ स्वच्छ होते, एक घार होती. कालवा अर्धा भरून वाहत होता. पाण्याचा आवाज होत नव्हता. काठाच्या फरशीवर हिरवे शेवाळ होते. बबन गाडीची बादली घेऊन तिथेच उतरला, वाकला, पाणी भरले आणि वर आला. मी ते पाहिले आणि मला काहीच वाटले नाही. त्यानंतर मी तेवढेच पुष्कळ वेळा पाहिले आहे.

भवानीनगरला त्याने धुराडे दाखवले. तात्या खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"आरं, पर ह्यो तर उसाचाच धूर की!"

"व्हय तात्या. म्हंजे पिक्चरमधी तुमचा ऊस बी हाय."

तात्यांनी पटका सारखा केला. पुढे कळंबपर्यंत ते हे बायकोला तीन वेळा सांगत होते.

कळंबच्या उतारावर रामा आबा रेडा घेऊन उभेच होते. रेड्याच्या शिंगांना तेल लावलेले, गळ्यात गोंडा. आबांनी त्याला बाजू बदलून उभा केला. "हिकडनं बघा. पिक्चरमधी ह्याची हीच बाजू दिसलीया."

"आन् दुसरा कुठाय?" कारकुनाने विचारले.

"त्यो रानात हाय. त्याचं पडद्यावर नुसतं शेपूट आलं, म्हनून त्याला आनत न्हाय."

"आता हा काय करतो?"

"काय करनार? औत वढतोय. पिक्चर काय रोज असतोय व्हय?"

सगळे हसले. बबन खडकावर चढला. ती त्याची जागा होती. गाडीतून येतानाच तो थोडा गप्प झाला होता, जसे लोक आपले खास वाक्य येण्याआधी होतात.

"राक्षसराजाचा रथ हितं ह्या उतारावर थांबला. रथामागं समदं सैन्य. आन् डावीकडनं तिसरा राक्षस, त्यो मी."

"काजळी फासल्यावर तू कोन आन् दुसरा कोन, कसं वळखायचं?" कारकून म्हणाला. "चाळीस जण सांगत्यात, मीच तिसरा म्हनून."

"माझ्यावर इस्वास न्हाय? ह्ये आमचं थोरलं बंधू. वाचनालयात असत्यात. खोटं बोलत न्हाईत. त्यांनी पिक्चर बघितलाय. इचारा." आणि तो माझ्याकडे बघून हसला. "सांगा अण्णा."

सगळे माझ्याकडे वळले. रेडासुद्धा, असे मला वाटले.

मी म्हणालो, "मी सिनेमा पाहिला. बबन मला दिसला नाही."

हशा झाला. कारकुनाने टाळी दिली. तात्या म्हणाले, "भावालाच दिसंना, मग गेलं की समदं!" बबनही हसला. मग म्हणाला, "चला, आवरा. गढी बघायची ऱ्हायलीया," आणि खडकावरून उतरला.

मला जे लिहायला तीन वर्षे लागली, ते असे. मी सिनेमा अर्धाच पाहिला होता. तंबूत खाली मातीवर बसायचे, पुढच्याच्या पटक्यावरून मान काढून शिंगे बघायची, याची मला लाज वाटली होती. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा वाचनालयात येणारे एक वकील मला तिथे दिसले आणि मी उठून घरी आलो. रथाचा प्रसंग मध्यंतरानंतर होता. दिसला नाही हे खरे होते, आणि ते पुरते खोटे होते.

परतताना बबनने मला खिडकीची जागा दिली. इंदापूर मागे पडल्यावर तो बाकाशी येऊन टेकला. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, खरंच बघितलं का हो? समदा?"

"समदा," मी म्हणालो. मी एरवी 'सगळा' म्हणतो. त्याचा शब्द घेऊन मी त्याला खोटे सांगितले.

"मग काय धूर लई झाला आसंल," तो म्हणाला, आणि दारात जाऊन उभा राहिला.

त्यानंतर पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी रेडिएटर तापला.

त्या दिवसांतले मला सलग काही आठवत नाही. कालव्याच्या फाटकाशी, जाळीजवळ जमलेली माणसे आठवतात. एकाने विडी पेटवली आणि मला बघून विझवली, ते आठवते. बबनच्या पायांना चिखल नव्हता. पाण्याने पाय धुऊन काढले होते, इतके स्वच्छ ते कधीच नसत. त्याची बायको कमल पायांशी बसली होती आणि त्याच्या घोट्यावरचा ग्रीसचा एक डाग पदराने पुसत होती. तो निघत नव्हता. बादली गाडीची होती. चाचांनी ती उचलून पुन्हा सीटखाली दगडाजवळ ठेवली. चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. वीस पुस्तके परत आली होती, त्यांची नोंद केली. अक्षर नेहमीसारखे आले. मी ते बराच वेळ बघत होतो.

काही दिवसांनी इब्राहिमचाचा वाचनालयात आले. ते कधी येत नसत. टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली.

"मास्तर, एक सांगू का? सांगावं का न्हाय, म्हैना झाला इचार करतोय."

"सांगा."

"तुमी आलता त्या दिसापासनं त्यो खडकावर चढला न्हाय. लोकांस्नी खालनंच सांगायचा, रथ हितं थांबला, सैन्य मागं. म्या इचारलं, तिसरा राक्षस कुठं गेला रं? तर म्हनला, चाचा, अण्णा वाचल्यालं मानूस. त्यांला दिसलं न्हाय म्हंजे म्या नसंनच."

चाचांनी टोपी पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "राग मानू नका," आणि गेले. राग नव्हता. काहीच नव्हते. मी समोरचे वर्तमानपत्र काठीतून काढले आणि पुन्हा लावले.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट ठरली. बबन त्या सिनेमात आहे की नाही, हे मला डोळ्यांनी बघायचे होते. बाकी कशाची इच्छा होत नव्हती, जेवणाचीसुद्धा नाही. ही एक होती.

चैत्रात कळंबच्या जत्रेत तंबू आला आणि राक्षसाचा पिक्चर पुन्हा लागला. हंगाम संपत आलेला. रस्त्याकडेला उसाचे वाळके पाचट पडलेले, शेतांत तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी. कमल माहेरी कळंबलाच होती. मी चाचांच्या गाडीतून गेलो. गाडीवर नवा क्लीनर ठेवला नव्हता. कळंबच्या उतारावर चाचांनी गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली, स्वतः उतरले, दगड लावला आणि कोणालाही काही न विचारता पुन्हा चढून बसले.

तंबूत मी आणि चाचा खाली मातीवर बसलो. दिवस मावळला आणि खेळ सुरू झाला. घोडा उडाला. धूर आला. मागे कोणी तरी म्हणाले, "आमचा ऊस." मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मी माझे दोन्ही गुडघे धरून बसून राहिलो. मग पुन्हा अंधार झाला आणि पाताळाचे दार उघडले.

शिंगेच शिंगे होती. मी डावीकडून तिसरा मोजला. तोंड काळे, डोळे पांढरे, बाकीच्यांसारखेच. तो बबन असू शकत होता. कोणीही असू शकत होता. कारकून बरोबर म्हणाला होता. रेडे धावत आले, उतारावर रथ थांबला, राक्षसराजाने तलवार वर केली आणि चाळीस राक्षसांनी गदा उचलून आरोळी ठोकली.

एकोणचाळीस जणांनी. डावीकडच्या तिसऱ्याने गदा काखेत मारली, वाकला, पायाजवळचा धोंडा उचलला आणि रथाच्या चाकामागे लावला. मग सरळ होऊन इतरांबरोबर ओरडू लागला.

तंबूत एकदम हसू फुटले. कुणी तरी ओरडले, "ए क्लीनर! राक्षसाची गाडी हाय ती!" पोरी पदरात तोंड घालून हसत होत्या.

चाचा माझ्या शेजारी, पडद्याकडेच बघत, हळू म्हणाले, "लावला."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. बबनने तो सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. त्याला हे दिसले असणारच, हा हशा त्याने अकरा वेळा ऐकला असणार. खडकावर उभे राहून त्याला सांगता आले असते, दगड लावणारा तो मी. मग कोणी शंका घेतली नसती. कारकुनानेही नाही, मीही नाही. पण तसे सांगितले असते तर सगळ्यांनी क्लीनर ओळखला असता, आणि त्याला तर ते सांगायचे होते की एकदा, एका दुपारी, मी राक्षस होतो. असे असेल. मला नक्की माहीत नाही. त्याला विचारायला हवे होते, असे किती तरी आता माझ्याकडे साठले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामा आबा भेटले. मी त्यांना धोंड्याचे विचारले. ते म्हणाले, "लावला म्हनून ऱ्हायलं, मास्तर. माझी गाडी आदीच उताराला, वर कागदाचा डोलारा, त्यो राजा धरून सव्वादोन मनाचा. धोंडा नसता तर रेडं, राजा, समदं नीरेत गेलं असतं. त्या पिक्चरच्या सायबाला कळलं बी न्हाय. म्याच बबनला म्हनलं, बरं ध्यानात आलं रं. तर म्हनतो, ध्यानात कुठं आलं आबा, हातच गेला."

दुपारी मी तंबूवर गेलो. मशीन चालवणारा माणूस सावलीत मांडी घालून तुटलेली फीत जोडत बसला होता. त्याच्या बाटलीतल्या औषधाला पिकल्या केळ्यांचा वास होता. मी त्याला रथाचा प्रसंग विचारला. त्याने रीळ काढले, फीत उजेडाकडे धरून सरकवत गेला आणि म्हणाला, "ह्यो का? धोंड्यावाला? ह्याला तर लोक लई हसत्यात."

"तेवढा तुकडा मला पाहिजे."

त्याने माझ्याकडे पाहिले. "कशापायी?"

"माझा भाऊ आहे. वारला."

त्याने फीत मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या की त्याला हितंच. आमी गावोगाव जातो. फिरंल आमच्यासंगं. लोक हसत्याल."

"नको. द्या."

"मास्तर, कापलं की कापलं. परत बसत न्हाय. हितनं नुसती उडी दिसंल."

"द्या," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मला आज सांगता येते. मला हातात धरता येईल असे काही हवे होते. एका हशाएवढ्या वेळात जे येते आणि जाते, त्यावर माझा विश्वास नव्हता; मी कागदावर आणि कपाटावर विश्वास ठेवणारा माणूस. त्याने कात्री घेतली, बबन वाकतो तिथे एकदा कापले, सरळ होतो तिथे एकदा. दोन हात फीत. दोन्ही टोके जोडून रीळ पुन्हा गुंडाळले. मी फीत कागदात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा तंबूत जाऊन बसलो. खेळ सुरू झाल्यावर बायकांच्या बाजूला मला कमल दिसली. आबांच्या सुनांबरोबर आली होती. पौषानंतर ती पहिल्यांदाच माणसांत आली होती. गावात तिला कोणी तरी सांगितले होते की धोंडा लावणारा तुझा नवरा आहे, स्वच्छ ओळखू येतो. ती डोक्यावरचा पदर धरून, पुढे वाकून बसली होती. मला तेव्हा उठून तिच्याकडे जाता आले असते. पण बायकांत जाऊन काय सांगायचे, याची मला पुन्हा लाज वाटली. मी बसून राहिलो.

पाताळाचे दार उघडले. रेडे आले. रथ थांबला. पडद्याने एक बारीक उडी मारली आणि चाळीस राक्षस ओरडले. सगळे चाळीस. कोणी हसले नाही.

खेळ सुटल्यावर ती मला तंबूच्या दोरांशी गाठून म्हणाली, "अण्णा, कुठं हुतं त्ये? समदी म्हनत हुती, धोंडा लावत्यात. म्या पापनी बी हालवली न्हाय. मला दिसलं न्हाईत."

माझेच वाक्य होते. फक्त तिचे खरे होते.

मी तिला सगळे सांगितले. मध्यंतराचे, खडकावरचे, गाडीतले, आणि कात्रीचे. जत्रेतली माणसे आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती; पिपाण्या वाजत होत्या. तिने मला दोष दिला नाही. ती म्हणाली, "म्हंजे काल आले असते तर दिसले असते."

"हो."

"कालच येनार हुते म्या. सासूबाईंचा 'जा' म्हनून निरोप आला न्हवता."

मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो तिथे उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ती दारात, फीत उन्हाकडे धरून उभी होती. एक डोळा मिटलेला होता.

"तोंड दिसत न्हाय. खाली घातलंय."

"हो. वाकला आहे."

"हात त्यांचाच हाय," ती म्हणाली. फीत आणखी वर धरून म्हणाली, "करंगळी बघा. हँडल लागल्यालं हुतं, तवापासनं ती अशीच वाकडी ऱ्हायली."

मी बघितली. मला ती करंगळी आधी माहीत नव्हती.

पुढच्या हंगामात खडक बघायला कोणी आले नाही. त्यानंतर एसटी कळंबवरूनही जाऊ लागली. चाचांची गाडी आता फक्त लग्नाची वऱ्हाडे नेते. ते म्हातारे झाले आहेत, तरी थांबल्यावर स्वतः उतरून दगड लावतात. तोच दगड आहे. सिनेमा अजून कुठल्या तरी तालुक्यात चालू असेल. त्या रिळात रथ थांबतो, उडी दिसते, चाळीस जण ओरडतात. बबन त्यांतला एक आहे. कोणालाही ओळखू येणार नाही, असा. मी खडकाजवळ जे म्हणालो होतो, ते आता खरे आहे.

रविवारी मी कळंबला जातो. कमल चहा करते. कधी ती फीत काढून देते, कधी मी मागत नाही. वही माझ्याकडे आहे. फीत तिच्याकडे, पत्र्याच्या पेटीत आहे. ती दोन हात लांब आहे. तिच्यात बावन्न चौकटी आहेत. एक्कावन्नावीपर्यंत हात दिसतो. शेवटच्या चौकटीत चाक आणि दगड आहे.